शेवटच्या रांगेतले मयत अण्णा

मयत अण्णांना कोणी नमस्कार केला, की ते आधी मागे वळून पाहत. नमस्कार आपल्यालाच आहे याची खात्री पटल्याशिवाय हात जोडत नसत. कोल्हापुरात ज्यांची उमेदीची वर्षे विद्यार्थी चळवळीच्या बैठकांत गेली, त्यांना या टोपणनावाचे हसू येणार नाही.

आमच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेत डाव्यांचे दोन गट होते. त्यांचे एकमेकांशी जेवढे वैर होते, तेवढे सरकारशीही नव्हते. शिरोळच्या ऊसकरी घरातले अण्णा जिल्हा अधिवेशनात उभे राहिले आणि निवडणूक दोन्ही गटांनी एकत्र लढवावी, असे म्हणाले. बहुमतवाल्यांचा पुढारी शिवराज भडकला. दिवंगत कॉम्रेडांना श्रद्धांजली वाहताना त्याने शेवटी अण्णांचे नाव जोडले : "राजकीय निधन." सभागृह हसले. परंतु अध्यक्षांनी खरोखरच सर्वांना उभे केले, आणि ती शांतता संपेपर्यंत एकाही चेहऱ्यावर हसू उरले नाही. अण्णाही मान खाली घालून उभे होते.

पुढच्या ठरावाला त्यांनी मत दिले नाही.

"अण्णा, हात वर कर की!" कोणीतरी ओरडले.

"मयताचा हात वर हुतोय व्हय रं?"

मी उसळलो. विषयपत्रिकेत विषय नाही, पूर्वसूचना नाही, बचावाची संधी नाही. जिवंत सदस्याचा मृत्यू बहुमताने मंजूर करणारी संघटना कोणत्या कलमाखाली चालते? मी दिल्लीच्या मुख्य कार्यालयाला पत्रे धाडली, स्मरणपत्रे धाडली. उत्तर नाही. मी वकील नव्हतो, तरी अण्णा मला म्हणाले, "वकीलसाहेब, कायदा बरोबर हाय तुमचा. पर ज्यांनी घालवलं, त्यांनीच म्हागारी घ्याय पायजे. दोनी गटांनी, भर सभेत. मी जित्ता हाय तवर झालं म्हंजी बरं."

तोवर ते प्रत्येक सभेला येत आणि शेवटच्या रांगेत बसत. चहा पुढे केला तर म्हणत, "घरात खातोय, पितोय की. हितं न्हाय." बसत इतके निश्चल, की नवी मुले ती खुर्ची रिकामी समजून बसायला जात आणि दचकून मागे सरत.

पुढे श्रद्धांजलीची ती थट्टा शाखेची रीतच झाली. गट फुटले, फुटलेले पुन्हा फुटले, आणि हकालपट्टी झालेल्या प्रत्येकासाठी सभा उभी राहू लागली. अखेर शिवराजचीही पाळी आली. तो मागे येऊन घुटमळला. अण्णा एक खुर्ची सरकले. "ये, बस. पयल्यांदा जरा जड जातंय." वर्षे लोटली तशा पुढच्या रांगा विरळ होत गेल्या. शेवटची मात्र भरली, आणि तिच्यातून कधी खोकलाही ऐकू येत नसे.

यंदा वरून तंबी आली : गणपूर्ती झाली नाही तर शाखा बंद. घटनेनुसार माजी विद्यार्थी आजीव सदस्य असतात. सबब, निधनाचे ठराव मुळातच अवैध ठरवून त्या सर्वांची नावे हजेरीत पुकारावीत, असे मी मांडले. उरल्यासुरल्या दोन्ही गटांनी प्रथमच एका बाजूने हात वर केले. अध्यक्षपदावरची मुलगी नावे पुकारू लागली. मागचा एकेक जण "हजर" म्हणत पुढे येऊन बसला. तरीही एक सदस्य कमी पडत होता. तिने अण्णांचे नाव घेतले.

"हजर हाय की!" मागून स्वच्छ आवाज आला.

ते पुढे येईनात, म्हणून शिवराज त्यांना आणायला गेला. शेवटच्या रांगेत कोणीही नव्हते. तो तिथेच उभा असताना त्याचा फोन वाजला. शिरोळहून अण्णांचा पुतण्या बोलत होता. अण्णा सकाळीच वारले होते.

ती सभा अवैध होती, अशी कुजबुज आता काही जण करतात. तो आवाज सभागृहातल्या प्रत्येकाने ऐकला आहे, कुजबुजणाऱ्यांनीही. गणपूर्ती झाली होती. ज्यांची हरकत असेल, त्यांनी ती माझ्याकडे लेखी द्यावी, आणि खाली स्वतःची सही करण्याचे धैर्य दाखवावे.