साडेतीन टक्के आणि आठ उशा

बिरूभाऊंनी स्टेटमेंट माझ्या टेबलावर ठेवलं आणि वर माझाच पेपरवेट ठेवला. "मॅडम, हे सदतीस हजार कशाचं?"

मी तेव्हा वाळूजला एका बँकेत कार्ड डेस्क सांभाळत होते. शहराचं नाव नुकतंच बदललं होतं. दारावरची पाटी नवी, कॉम्प्युटरमधला पत्ता जुना, आणि फॉर्मवर कोणतं नाव लिहू हे विचारायला दिवसभर रांग. बिरूभाऊ त्यासाठीच आले असते तर फार बरं झालं असतं.

ते मूळचे वैजापूरकडचे, मेंढपाळांच्या घरातले. आता एमआयडीसीत नट-बोल्टचा कारखाना. विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड त्यांना मीच खपवलं होतं. खर्च करा, पॉइंट जमवा, पॉइंटांवर विमानाचं तिकीट फुकट. त्यांनी लगेच आईला, म्हणजे सोनामावशींना, शब्द देऊन टाकला, की तुला फुकटात विमानानं मुंबईला नेतो. अख्ख्या वाडीला सांगूनही झालं.

मग आठ कारखानदार जर्मनीला मशिनरीचं प्रदर्शन बघायला गेले. सगळे पॉइंट आपल्यालाच मिळावेत म्हणून बिरूभाऊंनी आठही जणांचं हॉटेल, जेवण, रेल्वे आपल्या कार्डावर घेतलं. झाले नऊ लाख. परत आल्यावर मित्रांनी पेपरातला युरोचा भाव बघून आपापला वाटा चुकता केला.

घोळ तिथंच होता. परदेशी चलनात कार्ड वापरलं की बँक वर साडेतीन टक्के लावते. याला फॉरेन ट्रान्झॅक्शन फी म्हणतात. तिच्यावर पुन्हा जीएसटी. पेपरातल्या भावात यातलं काहीच नसतं. आणि कार्ड देताना मी हे बोलले नव्हते, कारण माझ्या टार्गेटला दोन कार्डं कमी पडत होती.

फी माफ करा म्हणून मी हेड ऑफिसला मेल केला. उत्तर आलं, नियम बाराव्या पानावर आहे, ग्राहकाची सही आहे. ते बारावं पान मीही कधी उघडलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

तीन दिवसांनी बिरूभाऊ आईला घेऊन आले. मावशींनी माझ्याकडून सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, "आठ घरची मेंढरं एका कळपात नेली, तर वाटंतला खर्च डोईमागं वाटत्यात. ह्यो एकटा कामून भरील?"

दोस्तांकडं मागायला बिरूभाऊंना कसंतरीच होत होतं. मावशींना काहीच झालं नाही. त्यांनी लेकाच्या मोबाइलवरून सातही जणांना माझ्या टेबलापाशी बोलावून घेतलं. पैसे द्यायला कुणी नाही म्हणालं नाही. पण स्प्रिंगा बनवणारे काकडेशेठ अडून बसले.

"देतो ना मावशी. मग पॉइंटबी आठ जागी वाटा."

बाकीच्या सहा जणांच्या माना हलल्या. बिरूभाऊंचा चेहरा पडला. पॉइंट वाटले तर तिकीट गेलं.

"आईचं तिकीट हाय ते," एवढंच ते म्हणाले. मलाही वाईट वाटलं.

मावशींनी मला विचारलं, मुंबईचं तिकीट विकत कितीला पडतं. मी म्हटलं, चारेक हजार. त्या लेकाकडे वळल्या.

"बिऱ्या, सदतीस हजारात फुकट नेत होतास व्हय मला?"

मग फीचे पैसे आठ जणांत वाटले गेले. पॉइंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, म्हणून मी कॅटलॉग उघडला. आठ सारख्या वस्तू बसतील असं त्यात एकच काही सापडलं, प्रवासात मानेला लावायची जांभळी उशी. आठ उशा आल्या. मावशी विकतच्या तिकिटावर खिडकीपाशी बसून मुंबईला गेल्या, आणि परत मिळालेल्या पैशांतून त्यांनी दोन मेंढ्याही घेतल्या.

तेव्हापासून मी आधी फी सांगते, मग पॉइंट. कार्डं कमी खपतात.

मध्यंतरी वैजापूरला गेले होते, तेव्हा बिरूभाऊंच्या वाटणीची उशी एका अशक्त कोकराच्या मानेला दिसली. दूध पाजताना मान सरळ राहती, मावशी म्हणाल्या. नऊ लाखांच्या त्या पॉइंटांचा कुणाला उपयोग झालेला मी पाहिला, तो एवढाच.