चार ओळींची पेटी

विमलताईंना मी शेवटचं भेटलो ते रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. नर्सला बोलावण्याची घंटा बंद पडली होती, म्हणून त्यांनी लेकीकडून पेचकस मागवून ती पलंगावर बसल्या बसल्याच उघडली होती. मी पोचलो तेव्हा घंटा वाजत होती आणि नर्स हसत होती. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा, सुनीताचा, फोन आला... त्याला आता महिना होईल.

टेलिफोन केंद्राच्या दुरुस्ती विभागात त्या काळी त्या एकट्याच बाई. इंदोऱ्यात आमच्या घरामागे राहायच्या. मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, अजूनही वाजवतो. लहानपणी पोलिओ झाल्याने माझा डावा पाय बारीक, उभं राहिलो की सगळा भार उजव्यावर. गिटारचा आवाज बदलणारी चार पेडलं पुढ्यात जमिनीवर असायची. एकाने आवाज खरखरीत व्हायचा, एकाने घुमायचा, एकाने लाटेसारखा डुलायचा, एकाने दुहेरी व्हायचा. गाण्याच्या मध्येच दोन बंद करून तिसरं सुरू करायचं म्हटलं की पाय पोचेपर्यंत कडवं संपलेलं असे. आमचे संचालक मनोहरभाऊ भला माणूस, पण कन्हानच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाला दुसरा गिटारवाला बघतो, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी घरी येऊन पायाला शिव्या देत बसलो होतो. आईकडे आलेल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "पायावर काहून चिडून राहिला गा? पाय आहे तसा राहू दे. आपण बटन बदलू."

मग तीन रविवार आमच्या ओसरीवर कारखानाच होता. भंगार बाजारातून ताईंनी जुने टेलिफोनचे रिले आणले. रिले म्हणजे करंट दिला की आपोआप लागणारा खटका. प्रत्येक पेडलला एक रिले. सगळे रिले एका पेटीत, आणि पेटीवर लहान खटक्यांच्या चार ओळी, एकेका ओळीत चार. गाण्यात कुठे कोणती पेडलं हवीत ते आधीच ओळीत लावून ठेवायचं आणि वाजवताना त्या ओळीची एकच पट्टी दाबायची. पट्ट्या अशा बसक्या आणि हलक्या की डावा पाय उचलायचाच नाही, नुसता सरकवायचा. पहिल्या दिवशी एक पट्टी दाबली तर चारही पेडलं एकदम जागी झाली आणि माझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. ताई मात्र खूश! करंट उलटा फिरून शेजारच्या ओळीत घुसतो, हे त्यांना लगेच कळलं. प्रत्येक खटक्याला एकेक डायोड जोडून त्यांनी करंटचा परतीचा रस्ता बंद केला.

गंमत म्हणजे ताईंना गाण्यातलं काही कळायचं नाही. एक चाल दुसरीपासून वेगळी ओळखता येत नसे. "मले सूर समजत नाही, करंट समजते," असं त्या बिनदिक्कत सांगायच्या.

मनोहरभाऊंना मी एकच गाणं वाजवू द्या म्हणून गळ घातली. कन्हानला ताई पहिल्या रांगेत, मांडीवरच्या पर्समध्ये पेचकस. पहिलं कडवं साध्या आवाजात, मग पाय सरकवला आणि गिटार भरून आली, पुन्हा सरकवला आणि ती डुलायला लागली. मनोहरभाऊ वळून माझ्या पायाकडे बघतच राहिले. दुसऱ्या गिटारवाल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट परत येताना पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. ताईंना विचारलं, कसं झालं, तर म्हणाल्या, एकही खटका चुकला नाही.

पुढची सहा वर्षं ती पेटी माझ्याबरोबर विदर्भभर फिरली. दर चार-सहा महिन्यांनी ताई ती साफ करायला घरी न्यायच्या, मला आत हात लावू द्यायच्या नाहीत. गेल्या आठवड्यात चौथी पट्टी अडकायला लागली, तेव्हा मी पहिल्यांदा झाकण उघडलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने ताईंचं अक्षर. तपासणीसाठी कोणती ओळ गाण्यात कुठे लागते हे लक्षात ठेवायला हवं, आणि गाण्यातलं तर काही कळत नाही... म्हणून त्यांनी मी वाजवताना माझ्याकडे बघून लिहून ठेवलं होतं. पहिली ओळ: डोळे मिटते. दुसरी: मान हलवते. तिसरी: हसते. चौथी: पायाकडे पाहत नाही.

पट्टी मोकळी केली. ब्रश हातात होता, पण अक्षर पुसलं जाईल म्हणून झाकणाची धूळ तशीच ठेवली.