मातीनं धरून ठेवलेलं

शाळेतून निवृत्त झाल्यावर वेस्ट मांबलमच्या हेमलताबाईंनी श्रीपेरुंबुदूरपलीकडची वडिलांची पडीक जमीन कसायला घेतली. घराणं तंजावरचं, मराठी तमिळच्या चालीवर बोलणारं. शेतीचा अनुभव मात्र कुणालाच नाही. जमीन लवकर सुधारावी म्हणून त्यांनी शहरातल्या कचऱ्याचं स्वस्त खत टाकलं, वर युरिया. कीरै, म्हणजे पालेभाजी, अशी तरारली की बाई आपल्या राहत्या इमारतीत जुड्या वाटू लागल्या. शेजारची ऋजुता पुण्याहून नोकरीसाठी आलेली, आणि पहिलटकरीण. तिची जुडी कधी चुकत नसे.

आणखी कोणतं खत घालावं हे विचारायला बाई माती आणि भाजी घेऊन परीक्षण केंद्रात गेल्या. आधीच्या खताबद्दल ऐकून तिथल्या मुरलीनं धातूही तपासले. भाजीत कॅडमियम निघालं, नको तितकं.

"न निवडलेल्या कचऱ्यात बॅटऱ्याही असतात," मुरली म्हणाला. "त्यात युरियानं माती आंबट झालीय. आंबट मातीत हा धातू सुटा होतो आणि मुळं ओढून घेतात."

बाई तडक ऋजुताकडे गेल्या. "मी दिलेली भाजी चांगली नव्हती गं. अस्की, सगळी चूक माझी. डॉक्टरकडे चल, मी येतें."

ऋजुताचा चेहरा उतरला. राग गिळून ती एवढंच म्हणाली, "चला."

तपासण्या झाल्या. काळजीचं कारण नाही, पण भाजी बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग बाईंनी इमारतीतलं प्रत्येक दार वाजवून खरं सांगितलं. काहींनी बोलणं टाकलं.

शेतातली कीरै त्यांनी उपटली, गुरांनाही घालू दिली नाही. कचऱ्याचं खत, युरिया बंद. मुरलीच्या सल्ल्यानं चुना आणि शेणखत घातलं, आणि खायचं पीक नको म्हणून मोगरा लावला.

"धातू निघून जाईल?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण माती त्याला घट्ट धरून ठेवील, मुळांना सहजी देणार नाही."

काही हंगाम गेले. एका कोपऱ्यात लावलेली कीरै तपासणीत चांगली ठरली. "खायला हरकत नाही," मुरली म्हणाला, "पण तपासणी सोडू नका."

बाईंनी पुन्हा दारं वाजवली. "हवी त्यांनीच घ्या," म्हणाल्या. निम्म्यांनी नको म्हटलं. ऋजुतानं घेतली आणि आतून रांगत आलेल्या लेकीला, तनयाला, उचलून त्यांच्या कडेवर दिलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या शेतातले वेंकटरमण बांधावर आले. कचऱ्याच्या खताचा ट्रक त्यांनी परत पाठवला होता. चुना किती घालायचा, असं विचारत होते.

"आधी माती तपासूया," बाई म्हणाल्या आणि खुरपं घेऊन त्यांच्या शेतात शिरल्या.