वाढलेली बांगडी

अमडापुरात बांगडी फुटत नाही. फुटतं ते मडकं, फुटतो तो आरसा. बांगडी वाढते. हातातली काच तडकली की ‘वाढली’ म्हणायचं, संध्याकाळी दुकान बंद केलं की ‘वाढवलं’ म्हणायचं. अशुभ शब्द ओठांवर येऊ द्यायचा नाही. शकील मणियाराच्या घरात उर्दू बोलत, पण तिथंही चूडी बढायची, दुकान बढायचं. दोन बोलींनी एकाच भीतीवर एकच शब्द पांघरला होता, आणि शकील त्या शब्दाखाली लहानाचा मोठा झाला.

त्याचा बाप गावोगाव बांगड्या भरत फिरला. शकीलनं बाजारात लहानसं दुकान टाकलं. लग्नाचा हिरवा चुडा भरायला मात्र तो नवरीच्या घरी जाई. बापानं शिकवलं होतं, हात धरला की नजर मनगटावर राहू द्यायची, वर न्यायची नाही. त्यामुळे गावातल्या कितीतरी बाया तो चेहऱ्यापेक्षा हातावरून ओळखे. विमलबाईंचा चुडा त्याच्या बापानं भरलेला, त्यांच्या सुनेचा त्यानं. आता नात पूनमचं लग्न निघालं होतं.

यंदा मोबाइलवर एक मजकूर फिरत होता. आपल्या लेकीबाळींचे हात परक्याच्या हाती देऊ नका. खाली नाव कुणाचंच नव्हतं. ओळखीच्या घरांनी चिखलीहून तयार चुडे आणले. ती माणसं रस्त्यात भेटली की नेहमीपेक्षा गोड बोलत, आणि त्या गोडीचीच शकीलला धास्ती वाटे. विमलबाईंचं घर ज्याला बोलावतं, त्याला गाव बोलावतं. तिथून बोलावणं आलं नाही तर हे काम सुटलंच, हे त्याला कळत होतं.

बोलावणं आलं. विमलबाईंनी स्वतः फोन केला. “ऊन चढायच्या आंधी ये रे. बापासारखा उशीर नोको करू.”

गुलनार, त्याची बायको, पेटीत बांगड्या रचत होती. “जाना जरूरी है क्या?”

“बुलाया है.”

“सोचके बुलाया, के आदत से बुलाया?”

शकीलनं पेटीचं झाकण लावलं.

मांडवात पूनमच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, “या शकीलभाऊ,” म्हटलं आणि लगेच फाटकाकडं पाहिलं. तिथं पूनमचा चुलतभाऊ हर्षल दोन मित्रांसोबत खुर्च्या लावत होता. तो बुलढाण्याला कॉलेजात होता, लग्नासाठी आला होता. खुर्च्या लावायचं थांबलं.

विमलबाईंनी बांगड्यांना हळदकुंकू वाहिलं, शकीलपुढं पानसुपारी ठेवली. पूनमनं मधल्या पाटावरून डावा हात पुढं केला. भोवती बाया दाटल्या.

“हळू रे मणियारा,” एक म्हणाली, “पोरगी रडली तं नवरदेव तुले शोधत येईन.”

“येऊ द्या. त्याच्याबी हातात भरून देतो.”

बाया हसल्या. हर्षल जवळ आला होता, मोबाइल समोर धरून. फोटो काढतो आहे असं सगळ्यांना वाटलं. मोबाइल पूनमच्या चेहऱ्याकडं नव्हता. शकीलच्या बोटांकडं होता. ते शकीलला न पाहता कळलं. डावा हात भरत आला, आणि शेवटची बांगडी कटकन तडकली.

“वाढली,” शकील सवयीनं म्हणाला. काच उचलून त्यानं रुमालावर ठेवली.

“काय वाढली?” हर्षल म्हणाला.

“वाढली, बाबू.”

“आमच्याच मांडवात बसून सांगून राह्यला, वाढली म्हने. हाव, माहीत हाय आमाले, तुमची वस्ती किती वाढली ते.”

मागं त्याचे मित्र हसले. बायांना काही उमगेना. मग विमलबाईंना उमगलं.

“अबे येड्या, बांगडी वाढली म्हनते तो.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे…” विमलबाई अडल्या. तो शब्द बोलायचा नाही म्हणून तर हा शब्द होता.

“म्हंजे फुटली ना? मंग फुटली म्हना सरळ. फुटली.”

नवरीचा हात अजून पाटावर होता. कुणीतरी तोंडावर पदर दाबला. आपण काय बोललो ते हर्षलला त्या चेहऱ्यांवरून समजलं, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

“यानंच मुद्दाम केलं असन,” तो म्हणाला.

सगळे पंजाबरावांकडं पाहू लागले. शकीलनंही पाहिलं, मनगटावरची नजर त्यानं काम चालू असताना पहिल्यांदा हलवली. पंजाबराव एक वाकडी खुर्ची सरळ करत म्हणाले, “हर्षल, टाकीत पानी आलं का पाह्य जरा.” हर्षल जागचा हलला नाही. मग पंजाबराव म्हणाले, “आवरा लवकर, शकीलभाऊ.”

तेवढंच.

“चाचा, भरा,” म्हणत पूनमनं उजवा हात पुढं केला. शकीलनं तो धरला आणि त्याचं लक्ष आपल्या अंगठ्याकडं गेलं. अंगठा कुठं टेकला आहे, किती दाबतो आहे, मोबाइलमध्ये कसा दिसत असेल. इतकी वर्षं हात म्हणजे हात होता, हाडं आणि कातडी आणि काच जाण्याची वाट. आज तो एका तरुण पोरीचा हात झाला. तो बिननावाचा मजकूर त्याच्याच बोटांत उतरला होता. त्यानं हात हलकेच पाटावर ठेवला.

“माय, बाकीच्या तुमीच भरा. साबन लावा, जातीन.”

“काऊन रे?”

“मले दिसून नाही राह्यलं बराबर.”

पूनमचा रिकामा हात तसाच पुढं होता. विमलबाई पुन्हा बस म्हणाल्या असत्या तर तो बसला असता. त्यांनी साबण आणायला सांगितलं.

दुकानात गुलनार बसली होती. “भर आए?”

“एक हाथ.”

तिनं मोबाइल त्याच्यापुढं केला. तो मांडव व्हिडिओ होऊन तिथं आधीच पोचला होता. ‘वाढली’पासून सुरू होत होता आणि हर्षल ‘फुटली’ म्हणायच्या आत संपत होता. खाली लोकांनी बरंच लिहिलं होतं. शकीलनं वाचलं नाही.

भर दुपार होती. आजूबाजूची दुकानं उघडी होती.

“दुकान बढा दूँ?” गुलनारनं विचारलं.

शब्द नेहमीचाच होता. शकीलच्या ओठांपर्यंत आला, तिथं अडला. त्यानं रस्त्याकडं पाहिलं.

“बंद कर,” तो म्हणाला.