अस्वलाचा पैसा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही राजापेठेतून निघालो. जवळ बेचाळीस हजार पाचशे रुपये रोख. गाडीत सात जण: शिकवणी वर्ग चालवणारे वानखडे सर, त्यांच्याकडचे दोन शिक्षक, औषधांच्या दुकानाचे राठी आणि राठीवहिनी, निवृत्त तलाठी बोबडे आणि मी. पैसे माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते, कारण गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. माझे स्टेशनरीचे दुकान आहे आणि रुपयाचा मेळ बसला नाही तर मी जेवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

आमचा गट सकाळी फिरणाऱ्यांचा. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक अस्वलीण पाठीवर दोन पिल्ले घेऊन रस्ता ओलांडते. एवढ्यावर आमचा भाग वेडा झाला. स्कूटरवर अस्वलाचे स्टिकर लागले, वाढदिवसाच्या केकवर अस्वल आले. गणपतीच्या वर्गणीसाठी ज्यांच्या दारी तीन फेऱ्या माराव्या लागतात, ती माणसे स्वतः दुकानात येऊन जंगल वाचवायला पाचशेची नोट ठेवून गेली. त्या पैशातून मागच्या वर्षी अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, आम्ही पाणवठा (जनावरांना पिण्यासाठी सिमेंटचे उथळ टाके) बांधला. यंदा त्याच्या शेजारी अस्वलाचा फायबरचा पुतळा बसवायचे ठरले होते, म्हणजे लोकांना फोटो काढता येतील. पुतळा अकोल्यात तयार होता. आधी पाणवठा पाहायचा, मग अकोल्याला जाऊन पुतळ्याचे पैसे चुकते करायचे आणि परत यायचे, असा बेत होता.

वलगाव, परतवाडा मागे पडले. अंजनगावच्या अलीकडे टायर बसला, त्यात पन्नास मिनिटे गेली. तेवढ्यात तर्रीपोहे खाऊन झाले. पुढे केळीच्या बागा, संत्र्याचे बगीचे, पिवळा पडत चाललेला गहू आणि त्यामागे कोरडा, तपकिरी डोंगर.

पाणवठ्यावर वनरक्षक वाट पाहत होते. फलकावर आमची नावे होती, माझे तिसरे. काठच्या ओल्या मातीत त्यांनी अस्वलाचे पंजे दाखवले. मागचा पंजा थेट माणसाच्या पावलासारखा, फक्त बोटांपुढे नखांच्या रेघा. राठीवहिनींनी आपले पाऊल शेजारी ठेवून फोटो काढला.

जेवण सर्वांत जवळच्या मळ्यात सांगितले होते, ताटामागे दीडशे रुपये. वनरक्षक आपला डबा घेऊन सोबत आले. मळा रामदासभाऊ आणि सुमनबाईंचा. दोन एकर काळी जमीन, त्यात झेंडू, वांगी, मेथी. सुमनबाई रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) फोडून त्यावर तूप सोडत होत्या. रामदासभाऊ डोक्यावरून डाव्या गालापर्यंत दुपट्टा घेऊन बाजेवर बसले होते.

“दिसलं काय अस्वल तुमाले?” त्यांनी विचारले.

“नाही हो. पंजेच दिसले,” राठीवहिनी म्हणाल्या. “तुम्हाला दिसलंय का कधी?”

“मले दिसलं,” ते म्हणाले आणि त्यांनी दुपट्टा बाजूला केला.

डावा डोळा नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडी ओढून शिवलेली होती. राठीवहिनींनी हातातला फोन उलटा ठेवला.

“काहून? आता नाही काढत फोटो?” त्यांनी विचारले आणि दुपट्टा पुन्हा घेतला.

पुढचे सुमनबाईंनी सांगितले. “पहाटं झेंडू तोडाले गेलते. पाचले तोडलं तं सातच्या गाडीनं माल अकोटले पोचते. आता आठबिगर आमी मळ्यात पाय नाही ठेवत. आठचा माल कोन घेते, भाऊ? तवरिक बाजार उठते.”

“पहिले येत नव्हतं का?” बोबड्यांनी विचारले.

“यायचं ना. मोहाच्या दिवसांत एखांद्या डाव. डबे वाजवले का निंघून जाये. आता रोज येऊन राहिलं. पाणी ठिवलं ना त्याच्यासाठी, पाव्हण्यावानी. कोन्या शाण्यानं इथं बांधलं, त्याले एक डाव पहाटं मुक्कामी बोलवा लागते.”

वनरक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली. मागच्या वर्षी टाक्यासाठी त्यांनी पहिल्यांदा दाखवलेली जागा चार किलोमीटर आत, नाल्यात होती. मी वहीत लिहिले होते: टाके गावालगतच्या गायरानात घेतल्यास टँकरच्या खेपेमागे चारशे वाचतात, उन्हाळ्याच्या तीस खेपांचे बारा हजार, शिवाय रस्त्यावरून अस्वल दिसेल. सभेत त्या आकड्यावर टाळ्या पडल्या होत्या. वनरक्षक दोनदा नको म्हणाले होते, तेही त्याच वहीत आहे.

“केव्हा झालं हे?” मी विचारले.

“टाक्यात पाणी पडलं, त्याच्या अकराव्या दिवशी,” सुमनबाई म्हणाल्या.

वही पिशवीतच होती. पहिल्या टँकरची तारीख काढून मी, त्यांनी आतून आणून दिलेल्या दवाखान्याच्या कागदाशी ताडून पाहिली. अकराच दिवस होते.

“तो शहाणा मी, बाई,” मी म्हणालो.

सुमनबाईंच्या हातात वरणाची पळी होती. “तुमी काय? बरं.” त्यांनी ती पातेल्यात बुडवली. “वरण वाढू?”

मी भरले ताट तसेच बाजूला सारले. “आम्ही काय करावं आता?” मी विचारले.

“सरकारची मदत भेटली,” रामदासभाऊ म्हणाले. “डोया नाही भेटला. आमची काय अस्वलाशी दुश्मनी हाय? त्याचं पाणी त्याच्या घरात नेऊन ठिवा. हिले पहाटं फुलं तोडता आली म्हंजे झालं.”

वनरक्षकांनी खर्च सांगितला. नाल्यात नवे टाके बत्तीस हजारांत होईल. गावालगतचे टाके नुसते कोरडे ठेवून चालणार नव्हते, कारण मग अस्वल यांच्या विहिरीवर येईल. आधी आत पाणी, मग हे फोडायचे. मी तिथेच हिशेब मांडला. बत्तीस वजा जाता साडेदहा उरतात, टँकरचे जादा बारा लागतात. दीड हजार कमी पडत होते, ते मी घालणार होतो.

आम्ही आंब्याखाली गेलो. वानखडे सरांनी मला बोलू दिले. मग म्हणाले, “लोकांनी हा पैसा अस्वलासाठी दिला आहे. अस्वलाचा पैसा आहे हा. कोणाच्या झेंडूसाठी कसा वळवायचा?”

“आत पाणी नेणं अस्वलासाठीच आहे, सर.”

“आत कोणाला दिसणार ते? वर्गणी देणारा रविवारी मुलांना घेऊन येतो. त्याला दाखवू काय, तुमची वही? आणि जागा तर तुम्हीच काढली होती, हिशेब करून.”

पाणी आत न्यायचे का, यावर मते घेतली. हात वर झाले तेव्हा एक माझा होता आणि एक बोबड्यांचा. पाच विरुद्ध दोन. आंब्यापासून चूल वीस पावलांवर होती, त्यामुळे सुमनबाईंना वेगळे सांगावे लागले नाही. त्या भांडी घासायला बसल्या होत्या.

निघताना मी प्रत्येकाकडून दीडशे गोळा करून एक हजार पन्नास त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजून दीडशे परत केले.

“सात ताटं होती,” मी म्हणालो.

“तुमी जेवले कुठी?”

अकोल्याला मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा ऊन कलले होते. गल्ली इतकी अरुंद, की गाडी बाहेर ठेवून चालत जावे लागले. पुतळा कारागिराच्या अंगणात उभा होता, दोन्ही हात पसरून. नखे गोल केलेली. दात सरांच्या सांगण्यावरून काढलेच नव्हते, मुले घाबरतात म्हणून. डोळे काचेचे, दोन्ही. राठीवहिनी त्याच्या काखेत उभ्या राहिल्या आणि या वेळी फोटो चांगला आला.

पैसे मीच मोजले. दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे असे मनात आले होते, पण वही माझी होती. कारागिराने विचारले, “उभा कुठं करणार?” सर म्हणाले, “पाण्याजवळ.” मग आम्ही परतीला लागलो. मूर्तिजापूरजवळ सर पुढच्या वर्षीच्या वर्गणीचे बोलत होते. पुतळ्यामुळे ती दुप्पट होईल, असा त्यांचा अंदाज होता. तो मला खरा वाटतो.

घरी येऊन वहीत नोंद केली. अकोल्याच्या मूर्तिकाराला पुतळ्याचे चाळीस हजार, पावती जोडली आहे. वानखडे सरांना अनावरणाचे हार आणि मंडप यांसाठी उरलेले अडीच हजार. सुमनबाईंना, सहा ताटांचे, नऊशे.