गाठीच्या रिपोर्टला मी कौल लावला

"लिम्फोमा आहे," डॉक्टर म्हणाले. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. "पण याला औषध चांगलं लागू पडतं. उपचार लगेच सुरू करू."

पुढचं मी ऐकलंच नाही. मनात एकच आलं, झालं, देवाने मला निवडलेलं नाही.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. माझे यजमान धुळ्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणाचं व्हायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलं, त्यात माणसाच्या लायकीचा संबंध नाही, अशी आमची शिकवण. रविवारच्या शाळेत मुलांना मीच ते समजावत आले. तब्येत ठणठणीत होती तोवर फार गोड वाटायचं. मानेत गाठ आली आणि तीच शिकवण अंगावर आली. ठरलेल्यांत मी नसलेच तर?

बायोप्सीला, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला, आम्ही जळगावला गेलो. टेबलावर पडल्या पडल्या मी मनात कौल लावला. गाठ साधी निघाली तर मी देवाची, नाहीतर नाही. कौलबिल आम्ही मानत नाही, आणि पाळकाची बायको असून मी लावून बसले. घाबरलेल्या माणसाला अक्कल कुठली?

कौल उलटा लागला.

मग पेट स्कॅन झाला. आजार कुठवर पसरलाय ते त्यात दिसतं. वेटिंग रूममध्ये मी समोरच्या बायकांचे चेहरे बघत बसायची आणि कोण वाचेल, कोण नाही, ते ठरवायची. मरणाची भीती होतीच. पण पलीकडे गेल्यावर देवाने तू कोण असं विचारलं तर, ही भीती त्याहून मोठी. हे शेजारी बसून प्रार्थना करायचे, मी आमेन म्हणायची. यांना सांगणार तरी कसं? मंडळीतल्या आजारी माणसांना धीर द्यायला मलाच पाठवत असत.

केमो सुरू झाली. केमो म्हणजे सलाईनमधून शिरेत सोडलेलं कॅन्सरचं औषध. शेजारच्या खाटेवर अमळनेरकडच्या एक अक्का असायच्या, शेतकरी घरातल्या. ह्यांची प्रार्थना त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा हे चहा आणायला गेले तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुमना देवकडे माले जागा शे का?"

देवाकडे आपल्याला जागा आहे का, असं त्या विचारत होत्या. माझाच ठिकाणा नाही, यांना काय सांगू? पण त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले, आणि त्याही माझ्याइतक्याच भ्यालेल्या. तोंडातून आपोआप त्यांचीच अहिराणी बोली निघाली.

"शे ना, अक्का. चूलबंद आवतन शे."

आमच्या खानदेशात लग्नाला घरटी एकाला बोलावतात, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, जेवायला यायचं. मी येऊ का, असं मग कोणी विचारत नाही.

अक्का म्हणाल्या, "मंग तुम्ही काबर रडी ऱ्हायनात?"

आपण रडतोय हे मला तोवर कळलंच नव्हतं.

हे चहा घेऊन आले. त्यांना मी सगळं सांगितलं, कौलासकट. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी चहा खाली ठेवला.

"निवड देवाच्या मनातली," ते म्हणाले. "ती त्याने मला दाखवलेली नाही, तुलाही नाही. आपल्याला बोलावणं तेवढं दिलंय, आणि ते खरं आहे. तुला त्याच्याकडे जायचंय ना?"

"दुसरं काहीच नको झालंय."

"मग ही ओढ तुझ्यात कोणी लावली?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. औषध ठिबकत होतं.

माझे उपचार अजून संपलेले नाहीत. पुढचा स्कॅन काय सांगेल ते माहीत नाही आणि त्या विचाराने आजही घाम फुटतो. तुमच्यापैकी कोणी असाच रिपोर्ट हातात धरून बसला असेल, तर त्यात देवाचं मन वाचायला जाऊ नका. मी भीतभीतच जाते आता त्याच्याकडे, रोज. त्याच्या चूलबंद आवतनातून भिणाऱ्यांना त्याने वगळलेलं नाही. अक्कांना मी तसं सांगून बसले आहे, आणि ते त्यांच्यासाठी खरं असेल, तर माझ्यासाठीही खरं आहे.