काकांचा आवाज मी दिला

कंपनीत एआय आलं म्हणलं की तुम्ही मनात ठरवूनच टाकलं असंल, की आता हे पोरगं नोकऱ्या गेल्याचं रडगाणं गाणार. नायतर मग मशीन आलं अन् सगळं कसं झकास झालं, ते सांगणार. दोन्हीतलं काय बी नाय. मशीननं कुणाला खाल्लं नाय. मीच मशीनला फसवलं, अन् गंमत म्हणजे फसवतोय हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

मी फुलंब्रीचा. शाळेत हेडसरांची नक्कल त्यांच्याच मागं उभं राहून करायचो अन् मार त्यांच्याच पुढं उभं राहून खायचो. पुढं शेंद्र्याला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला लागलो. माल ट्रकमध्ये चढला की कम्प्युटरवरून त्याचे कागद काढायचे, हे माझं काम. जेवणाच्या सुट्टीत नकला करायच्या, हे बी माझंच काम, फक्त ते नेमणूकपत्रात नव्हतं.

आमचे सुपरवायझर म्हणजे काका. करमाडचे. कंपनीचं पत्र्याचं शेड उभं राहिलं तवापासून डिस्पॅचच्या त्याच खुर्चीत. बोलायच्या आधी ‘आंऽहं’ करून घसा साफ करायचे, मग दोन शब्द, मग परत ‘आंऽहं’. यार्डात उभं राहून हाक मारली तर गेटवरचा ड्रायव्हर चहा टाकून पळत यायचा. माझी सगळ्यात हिट नक्कल त्यांचीच. ते बी डबा खाता खाता ऐकायचे अन् म्हणायचे, “व्हय, जरा जास्तच खाकरतंय हे बेणं.”

आधी कम्प्युटर अडला की शहरातून एक आयटीवाला यायचा. तो बंद करून चालू करायचा, चहा प्यायचा, जायचा. मग कंपनीनं त्याला दुसरीकडं धाडलं अन् सगळ्यांच्या स्क्रीनवर कोपऱ्यात एक निळा गोळा आला. नाव ‘मदतनीस’. त्याच्याशी मराठीत बोलायचं. प्रिंटर अडला, सांगा. पासवर्ड विसरला, सांगा. तो आपला आपण दुरुस्त करणार. पासवर्डचं काम मात्र जोखमीचं, म्हणून तो आधी आवाजावरून माणूस ओळखणार. त्यासाठी प्रत्येकानं एकदा आपला आवाज नोंदवायचा. “मला माझ्या कामात मदत हवी आहे,” हे वाक्य तीनदा म्हणायचं, बस.

एवढं सोपं वाक्य, पण आमच्या ऑफिसात कुणाच्या तोंडून निघंना. सगळे एका खोलीत, मध्ये भिंत नाय, अन् एकट्यानं डब्ब्याशी बोलायचं? स्टोअरचा भाई आला, माईक बघितला अन् म्हणला, “अपने को नक्को ये लफडा. तू बोल दे मेरा, रोज तो बोलताच है.” मी बोललो. सगळे पोट धरून हसले. मशीन म्हणलं, “आवाज नोंदवला.” मग काय, रांगच लागली.

काका सगळ्यात शेवटी. मशीनकडं असं बघत होते जसं काय ते मुलगी बघायला आलंय. तेवढ्यात बाहेर ट्रक लागला.

“आंऽहं. तूच म्हण माझं. मला ट्रक बघायचाय.”

मी तीनदा म्हणलो. घसा खाकरून, दोन शब्दांनी थांबून, एकदम टॉपची नक्कल. त्यानंतर काकांचा पासवर्ड कधी अडला तर ते यार्डातून ओरडायचे, मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्या आवाजात मदत मागायचो. ही इतकी सवयीची गोष्ट झाली, की मूळ आवाज माझा दिलेला आहे, हे माझ्या अन् त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं.

मग मॅनेजरसाहेबांनी नवीन काढलं. त्यांचं म्हणणं, काकांचं वय झालं, कम्प्युटर त्यांना झेपत नाय, त्यांना यार्डात मोजणीवर टाकू. यार्ड म्हणजे दिवसभर ऊन, डोक्यावर पत्रा बी नाय. मंगळवारी पुण्याच्या मुख्य ऑफिसातनं आयटीच्या मोठ्या मॅडम येणार होत्या. साहेब म्हणले, “काका, मॅडमसमोर तुमचं खातं मुद्दाम अडकवू. तुम्ही एकट्यानं मदतनीसशी बोलून सोडवून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची.”

काका म्हणले, “जमंल की.” मी बी म्हणलो, “काका, दोन मिनिटांचं काम.” शप्पथ सांगतो, माझ्या डोक्यात काय बी आलं नाय.

मंगळवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. सकाळपासून गरम पाणी पीत होते, घसा साफ राहावा म्हणून. अकराला मॅडम आल्या. साहेबांनी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून काकांचं खातं अडकवलं. काका बसले, पाठ ताठ केली अन् पहिल्यांदाच न खाकरता, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणले, “मला माझ्या कामात मदत हवी आहे.”

मदतनीस गोड आवाजात म्हणलं, “क्षमस्व. हा आवाज तुमचा नाही.”

तवा आठवलं. अरं बाबा! तिथं आवाज माझा आहे. काका स्वतःच्याच खात्याला परके.

काकांनी वळून माझ्याकडं बघितलं. त्यांना बी तवाच आठवलं असावं, कारण डोळे एकदम बारीक झाले. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाय. त्यांनी माझी नक्कल केली. म्हणजे मी त्यांची जी नक्कल करतो, तिची नक्कल. मान माझ्यासारखी वाकडी केली, ‘आंऽऽहं’ लांबवलं, दोन शब्दांवर थांबले. साठीला टेकलेला माणूस, चारचौघांत, स्वतःसारखं बोलायचा प्रयत्न करत होता. अन् त्याला ते जमत नव्हतं.

“क्षमस्व. हा आवाज तुमचा नाही. आता एकच संधी उरली आहे.”

साहेबांनी मॅडमकडं बघून हळूच मान हलवली, बघा, मी म्हणत नव्हतो? मी मागं उभा. माझ्या तोंडानं मला विचारलंच नाय. ते आपोआप बोललं, “आंऽहं. मला माझ्या... आंऽहं... कामात मदत हवी आहे.”

“नमस्कार काका. ओळख पटली.”

मॅडमनी विचारलं, “कोण बोललं?”

“मीच,” काका म्हणले.

“तुमचे ओठ हलले नाहीत काका.”

मग मी सगळं सांगून टाकलं. कुणाकुणाचा आवाज दिला, ते बी. स्टोअरचा भाई दारातून गायब. साहेब लाल झाले. “म्हणजे ह्यांना जमत नाही हेच ठरलं ना मॅडम? साधा आवाज स्वतः नोंदवला नाही! मी कधीपासून म्हणतोय, यार्डात...”

मॅडम ऐकत नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. “साहेब, तुमचा आवाज तुम्ही स्वतः नोंदवला?”

“अर्थात! पहिला मीच.”

“ह्यांची नक्कल येते तुला?”

अख्खं ऑफिस एकदम खोकायला लागलं. मी म्हणलो, “नाय मॅडम, कुठली येती.”

“खरं बोल.”

“थोडी येती.”

त्यांनी काकांच्याच कम्प्युटरवर साहेबांच्या खात्याचा नंबर टाकला अन् माईक माझ्याकडं सरकवला. मी साहेबांकडं बघितलं. साहेब हसले, पण ते हसू ‘बघतोच आता’वालं होतं. मी नाकातला आवाज काढला, वाक्याच्या शेवटाला त्यांच्यासारखा हेलकावा दिला. मनातनं मशीनला म्हणत होतो, नाही म्हण बाबा, ओळखू नको, एकदा तरी हुशार हो.

“नमस्कार सर. ओळख पटली. आपला पासवर्ड बदलायचा आहे का?”

साहेबांचं तोंड उघडलं ते उघडंच. मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. मला तर हातातला माईक गरम तवा वाटायला लागला. आजवर मी नकला करायचो अन् लोक हसायचे, एवढाच हिशोब. थोडी चुकली तरी चालायचं, उलट चुकली की जास्त हसायचे. त्या दिवशी नक्कल खरी निघाली अन् एक माणूस हसला नाय. मी नुसतं तोंड वेडंवाकडं करून साहेबांच्या घरात शिरलो होतो, अन् दार उघडून मशीननं “सर” म्हणून स्वागत केलं होतं.

मॅडमनी जागेवरूनच पुण्याला फोन लावला. आवाजावर पासवर्ड देणं त्याच मिनिटाला बंद. पुढं पुन्हा चालू झालं तरी मोबाईलवर आलेला नंबर बी सांगायचा, अन् आवाज आयटीच्या माणसासमोर नोंदवायचा. मग साहेबांना म्हणल्या, “जे मशीन तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यावरून काकांना यार्डात कसं पाठवायचं? ते आहेत तिथंच राहू द्या.”

साहेबांनी मला केबिनमध्ये घेऊन झापलं. त्याचं काय वाटलं नाय. नाकातनं झापत होते, अन् मी हसू दाबायच्या नादात अर्धं ऐकलंच नाय. लेखी माफी लिहून दिली, सुटलो.

संध्याकाळी गेटच्या बाहेर काका गाडीला किक मारायच्या तयारीत उभे होते. मला वाटलं, खुर्ची वाचली, आता चहा पाजतील. मी दात काढत गेलो.

“हसतोस काय? दात आत घे.”

“काका, पण खुर्ची तर...”

“खुर्ची गेली खड्ड्यात! इतकी वर्षं काढली इथं, मी कुणापुढं ‘मदत पाहिजे’ म्हणलो नाय. अन् माझ्या आवाजात तू किती बारी म्हणलास? मोजलंस का? मी यार्डात, अन् इकडं माझं तोंड मदत मागतंय!”

“काका, तुम्हीच म्हणला होता ना, तूच म्हण...”

“मी म्हणलो! मी उद्या म्हणीन माझ्या जागी दाढी कर, करशील? मी लाजलो, माझी चूक. पण तू दामटून म्हणायचं होतंस, काका, बसा, स्वतः बोला. तसं म्हणला नायस. तुला टाळ्या पाहिजे होत्या.”

काकांनी किक मारली, गाडी चालू झाली नाय. परत माझ्याकडं वळले, अन् आवाज जरा खाली आला.

“अन् काय रं, मी खरंच एवढा खाकरतो?”

“...थोडं.”

“थोडं म्हणं! डॉक्टरला दाखवायचं सोडून तू त्याची गंमत करतोस. सांगायचं नाय का, बेण्या?” दुसरी किक मारली, गाडी धडधडली. “आयटीचा माणूस आला की माझा आवाज मी देणार. अन् तू समोर बसायचं. तोंडाला रुमाल बांधून. अन् एक शब्द जरी निघाला ना, तर यार्डात मी नाय, तू उभा राहशील. चल, हो बाजूला.”